ओल्या तुकड्यावरचा निकाल

बाईंच्या नोकरीची तेहतीस वर्षं कस्टमच्या एकाच इमारतीत गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त चिनी माती आणि तिच्या भाऊबंदांच्या नादात गेली. प्रयोगशाळेतल्या मुशी, खल, नरसाळी, भट्टीत घालायच्या नळ्या, आम्ल साठवायच्या बरण्या, असा भाजलेल्या मातीचा जो जो माल बोटीतून उतरे, तो टॅरिफच्या, म्हणजे जकातीच्या दरपत्रकाच्या, कुठल्या कलमात घालायचा हे बाई ठरवत. लोकांना वाटतं, त्यात ठरवायचंय काय? माती ती माती. असं कोणी बाईंच्या तोंडावर म्हणालं, तर बाई त्याला समोरच्या खुर्चीत बसवून एकोणसत्तरावा अध्याय पहिल्या ओळीपासून समजावून द्यायच्या. तो माणूस पुन्हा त्या खोलीकडे फिरकत नसे.

अध्याय तसा सरळ आहे, पण माल सरळ नसतो. जेवायच्या टेबलावरची बशी एका जागी, प्रयोगशाळेतली बशी दुसऱ्या जागी. पंधराशे अंशांची भट्टी सोसणारी मूस तिसऱ्याच जागी. आणि प्रयोगशाळेच्या मालातही पोर्सिलेनचा माल वेगळा, अतिकठीण माल वेगळा, उरलेला सगळा वेगळा. वरून चकचकीत झिलई दिली की पोर्सिलेन आणि साधी भाजकी माती शेजारी शेजारी ठेवली तरी ओळखू येत नाहीत. म्हणून बाई माल फोडायला लावत. झिलई बाहेर असते, खरं काय ते आत असतं, असं त्या म्हणत आणि हमालाला हातोडी आणायला पाठवत.

त्यांच्या टेबलाच्या खणात एक लाकडी पेटी होती. तिच्यात पुष्कराजाचा एक खडा, कुरुंदाचा एक, पोलादी सुरी, शाईची बाटली आणि विजेरी. खड्याने ओरखडा उमटतो का, सुरीने उमटतो का, विजेरीचा उजेड पातळ कडेतून आरपार दिसतो का, शाईचा थेंब आत शोषला जातो का, या सगळ्या परीक्षा त्या पेटीत होत्या. पण बाईंची खरी परीक्षा पेटीत नव्हती. त्या फुटलेली कड उचलत आणि सरळ जिभेला लावत. साधी भाजकी माती सच्छिद्र असते, ती जिभेवरची ओल ओढून घेते आणि जिभेला चिकटते. पोर्सिलेन आतून काचेसारखं घट्ट, ते चिकटत नाही. हे काही बाईंच्या मनचं नव्हतं, टॅरिफच्या टिपांमध्ये छापलेलंच आहे. फरक एवढाच की बाकीचे तपासनीस ते वाचून हसत आणि बाई ते करत.

त्यावरून गोदीत त्यांचं नाव चवबाई पडलं. समोर कोणी म्हणायचं धाडस केलं नाही, पण बाईंना ते माहीत होतं आणि खोटं कशाला सांगा, आवडतही होतं. घरी नवरा म्हणायचा, "आमटीत मीठ नाही हे तुला जेवण संपलं तरी कळत नाही, आणि जगातली माती बरी कळते." नवरा शाळेत चित्रकलेचा मास्तर होता, आता घरी होता. त्याला सगळ्याचीच चेष्टा सुचायची.

बाईंचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रयोगशाळेकडे नमुना पाठवला तर उत्तर यायला चार चार महिने लागत, तेवढे दिवस माल अडकून पडे, त्यामुळे वरचे साहेबसुद्धा म्हणत, बाईंना विचारा. बाई तुकडा तोंडातून काढत, रुमालाने पुसत आणि एक शब्द बोलत. पोर्सिलेन. किंवा, इतर. त्या एका शब्दावर लोकांचे चेहरे उतरत किंवा उजळत. कोणी हुज्जत घातली तर बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "मी दोनदा चाखत नाही," असं त्या म्हणत. मला विचाराल तर बाईंची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, पण ते तेव्हा बाईंना कोण सांगणार!

निवृत्तीला पंधरा दिवस राहिले आणि बाईंकडे शेवटचं काम आलं, नमुन्यांच्या खोलीचा ताबा देण्याचं. ज्या मालावरून भांडण झालं त्याचा तुकडा त्या खोलीत जपून ठेवायचा नियम होता. खोलीला एक खिडकी, तीही बंद. चार लोखंडी कपाटं, प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि बाईंची सही. नमुन्यांची राखण करणारा शिपाई त्यांच्याच वयाचा होता. तो यादी वाचत होता आणि बाई एकेक पुडकं उघडून खूण करत होत्या. दोघांचे हात धुळीने माखले होते, दोघं शिंकत होते, आणि खरं तर मजेत होते. जुनी भांडणं पुन्हा उघडून बघायला कोणाला आवडत नाही?

तिसऱ्या कपाटातून एक गाळणीचं नरसाळं निघालं, दोन तुकडे झालेलं. पांढरं, जाड, झिलईचं, आत भोकांची चकती. अकरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी. चिठ्ठीवर बाईंच्याच अक्षरात एक शब्द होता, पोर्सिलेन.

बाईंनी सवयीने फुटलेली कड जिभेला लावली. काही तपासायचं म्हणून नाही. आपण जुना फोटो बघताना हसतो, तशी लावली. आणि तुकडा जिभेला चिकटला.

चिकटला म्हणजे चांगला धरून बसला. काढताना जिभेला ओढ लागली. बाईंनी तो लांब धरून पाहिला, दुसरा तुकडा घेतला, तोही चिकटला. त्या आपल्या खोलीत गेल्या, पेटी घेऊन आल्या आणि सुरीने कड खरवडली. पांढरी भुकटी खाली पडली. शाईचा थेंब सोडला, तो बघता बघता पसरून आत गेला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं बाई?" शिपायाने विचारलं.

"हे पोर्सिलेन नाही."

"चिठ्ठीवर तर पोर्सिलेन लिहिलंय. सही तुमची."

"सही माझीच आहे, मला दिसतंय." बाई खेकसल्या, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेव्हा चिकटलं नव्हतं हो. मला चांगलं आठवतंय. अजिबात चिकटलं नव्हतं."

शिपाई नरसाळ्याकडे बघत राहिला, मग त्याचा चेहरा उजळला. त्याला एखादी गोष्ट आठवली की तो आनंदाने सांगायचा, तिचा अर्थ काय होतोय हे बघायचा नाही. "हे ते तेलात पडलेलं! हमालाने शेडमध्ये जमिनीवरच फोडलं होतं, तिथे क्रेनचं तेल सांडलेलं. मी तसंच घेऊन आलो तर तुम्ही केवढ्या भडकलात माझ्यावर. म्हणालात, हे घाणेरडं मी तोंडात घालू का? धुऊन आणा. मग मी संध्याकाळी साबण घालून बादलीत टाकून ठेवलं, सकाळी काढलं, स्वच्छ पुसलं आणि तुमच्या टेबलावर ठेवलं. चकाचक करून दिलं होतं."

बाई स्टुलावर बसल्या. बारा तास पाण्यात राहिलेली माती. तिची सगळी भोकं पाण्याने भरलेली. ती जिभेवरची ओल काय ओढून घेणार? जिचं पोट आधीच भरलंय ती काय पिणार? बाईंनी वरून कोरडा दिसणारा, आतून ओलाचिंब तुकडा जिभेला लावला होता, आणि सुरी खणातून काढायचीही तसदी घेतली नव्हती. शिपायाची काही चूक नव्हती. धुवायला त्यांनीच लावलं होतं.

"बाई, माझं काही चुकलं का?" शिपायाने घाबरून विचारलं.

"नाही हो. मी सांगितलं तेवढंच तुम्ही केलंत."

ते भांडण बाईंना अक्षरन् अक्षर आठवत होतं. दोन भाऊ होते. थोरल्याचं प्रयोगशाळांना लागणाऱ्या काचेच्या आणि मातीच्या सामानाचं छोटं दुकान. धाकटा एजंट, म्हणजे लोकांचा माल कस्टममधून सोडवून देणारा, सरकारी परवाना असलेला. थोरल्याने नरसाळी मागवली, बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र आणून दिलं की हा माल पोर्सिलेनचा नाही, आणि धाकट्याने त्या पत्रावर विसंबून माल 'इतर' म्हणून जाहीर केला. 'इतर'वर जकात कमी होती. बाईंनी चाखलं आणि म्हणाल्या, पोर्सिलेन. म्हणजे जाहीर केलेलं खोटं. म्हणजे पत्रही खोटं. थोरला हात जोडून उभा राहिला होता. "बाई, दुसरं एक फोडून बघा. एकच. माझ्या खर्चाने फोडा." बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या होत्या, "मी दोनदा चाखत नाही."

चौकशी झाली. एजंटाचा परवाना जाणार अशी लक्षणं दिसू लागली, तेव्हा धाकटा भर चौकशीत उठून म्हणाला की मला पत्र भावाने दिलं, ते बनावट आहे हे मला माहीत नव्हतं, मला भावानेच फसवलं. बाई तिथेच बसल्या होत्या. थोरला नुसता धाकट्याकडे बघत राहिला. परवाना तरी गेलाच, कारण पत्र कोणीही दिलेलं असो, जाहीर केलेल्या कागदावर सही धाकट्याचीच होती. थोरल्याचं दुकान वर्षभरात बंद पडलं. धाकटा आता कस्टमच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या छपराखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज भरून द्यायचा. आणि रोज सकाळी बाई आत जाताना तो उठून उभा राहायचा, "नमस्कार, बाई" म्हणायचा. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. बाईंना वाटायचं, चूक कबूल केलेला माणूस आहे, मनात राग धरून नाही. त्या मान हलवून आत जायच्या.

त्या दिवशी परत जाताना त्या मागच्या दाराने गेल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शेंगा सोलत बसला होता. सोलणं थांबलं.

"कोणाला कळलंय?"

"मला कळलंय."

"तसं नाही गं विचारत. ऑफिसात कोणाला?"

"शिपायाला अर्धवट. त्याला वाटतंय त्याने छान धुतलं होतं."

नवऱ्याने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग एरवी चेष्टा करणारा तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, पंधरा दिवस राहिलेत तुझे. आता तू लिहून दिलंस तर ते चौकशी लावतील. पेन्शन अडकवतील. तुझ्या बाकीच्या निकालांवरही लोक बोटं ठेवतील, तेहतीस वर्षांच्या. आणि त्या माणसाला काय मिळणार आहे? परवाना मिळून या वयात तो काय करणार?"

"त्याचं नाव."

"काय?"

"त्याला खोटा ठरवलाय ना मी. ते पुसलं जाईल. परवान्याचं मरू दे."

"तुला झोप लागावी म्हणून करतेयस हे," नवरा म्हणाला.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते निम्मं खरं होतं. त्या ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या, कुकर लावला, त्यात पाणी घालायला विसरल्या, मग जळका वास आल्यावर दोघंही धावले. त्यानंतर तो विषय त्या दिवशी निघाला नाही. पण मी इथे एवढं सांगून ठेवतो की बाई काही साध्वी नव्हत्या. पुढचे चार दिवस त्यांनी मूग गिळून काढले. यादी पूर्ण केली, नरसाळ्यापुढे खूण केली, मागच्या दाराने आत गेल्या, मागच्या दाराने बाहेर पडल्या. पाचव्या दिवशी मागचं दार दुरुस्तीसाठी बंद होतं. फाटकातून जावं लागलं. धाकटा उठला आणि म्हणाला, "नमस्कार, बाई. चार दिवस दिसला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

बाई सरळ वर गेल्या आणि कागद ओढून लिहायला बसल्या. काय लिहिलं ते अगदी कोरडं होतं. अमुक तारखेच्या नमुन्याचं परीक्षण करताना नमुना बारा तास पाण्यात भिजलेला होता, सुरीची आणि शाईची परीक्षा केली नव्हती, दुसरा नमुना फोडण्याची विनंती मी नाकारली, आता कोरड्या नमुन्यावर तिन्ही परीक्षा केल्या, माल पोर्सिलेनचा नाही, मूळ जाहीर केलेलं कलम बरोबर होतं. खाली सही. चूक हा शब्द त्यांनी दोनदा लिहून दोनदा खोडला, आणि तिसऱ्यांदा ठेवला.

साहेब बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला, दार लावून घेतलं.

"मॅडम, फाइल बंद आहे ही."

"उघडा."

"अपील झालं होतं, अपिलातही तुमचंच म्हणणं धरलं गेलं. आता हे आलं तर वर काय सांगू मी? आमच्याकडे जिभेवर निकाल लागत होते म्हणून?"

"सांगा. लागतच होते."

साहेबाने कपाळावर हात मारला. मग तो खुर्चीत मागे टेकला, आणि बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा तो भला निघाला. कागदावर शिक्का मारला, आवक नंबर घातला, एक प्रत बाईंच्या हातात दिली. "वर पाठवतो. तुमच्यावर काय येईल ते येईल, मला थांबवता येणार नाही. त्या माणसाला कळवायचं तर तुम्हीच कळवा. सरकारी पत्र जायला वर्ष लागेल."

बाई जेवणाच्या सुट्टीत खाली उतरल्या. छपराखाली गिऱ्हाईक नव्हतं. एजंट डबा उघडून बसला होता, तो उभा राहिला. सत्तरीला आलेला माणूस, शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली, खिशाला दोन पेनं. टेबलावर कोऱ्या अर्जांचे गठ्ठे, त्यांवर दगड. बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदा तिथे बसत होत्या.

"तुमच्या नरसाळ्यांचं सांगायचंय," त्या म्हणाल्या.

त्याने डब्याचं झाकण लावलं. बाईंनी सगळं सांगितलं. बादली, साबण, रात्रभर भिजलेला तुकडा, न काढलेली सुरी. सांगताना त्या एकसारख्या त्या दगडाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "माझी चूक झाली. तुमचा कागद बरोबर होता. तुम्ही खोटं बोलला नव्हतात." आणि साहेबाच्या शिक्क्याची प्रत त्याच्यापुढे ठेवली.

तो रागावेल याची त्यांनी तयारी केली होती. रडेल याचीही. त्याने तसलं काहीच केलं नाही. प्रत उचलली, चष्मा लावला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग विचारलं, "म्हणजे दादाने दिलेलं पत्र खरं होतं?"

"हो."

"कारखान्याचंच होतं? त्याने बनवलं नव्हतं?"

"बनवायचं कारणच नव्हतं. माल पत्रात लिहिल्याप्रमाणेच होता."

त्याने प्रत खाली ठेवली. "तो मला सांगत होता, बाई. घरी येऊन सांगत होता. म्हणाला, अरे, तू माझा भाऊ आहेस, तू तरी विश्वास ठेव. मी म्हटलं, बाईंचं कधी चुकत नाही. वीस वर्षं बघतोय मी त्यांना, त्यांचं कधी चुकलं नाही. तुझंच काहीतरी काळंबेरं आहे." त्याने चष्मा काढला. "असं म्हटलं मी त्याला. दाराबाहेर उभा करून म्हटलं."

बाईंना आत्ता उमगलं. आपण या माणसाचं नाव पुसून स्वच्छ करायला आलो होतो, आणि त्याला स्वतःच्या नावाची काही पडलेली नव्हती. ते रोजचं उठून उभं राहणं, ते नमस्कार. तो बाईंना क्षमा करत नव्हता. तो बाईंवर विश्वास ठेवत होता. त्या विश्वासावर त्याने भाऊ सोडला होता, आणि तो विश्वास टिकला तरच त्याचं ते सोडणं बरोबर ठरत होतं. बाईंना त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की उठून पळून जावंसं वाटलं.

"थोरले कुठे असतात आता?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली त्याला जाऊन. निरोप आला होता, शेवटचं भेटून जा म्हणून. गेलो नाही. मयतालाही गेलो नाही."

रस्त्यावरून एक ट्रक कंटेनर घेऊन गेला, छपराचा पत्रा हादरला. मग त्याने अर्ज गोळा केले, पेटीत घातले, पेटीला कुलूप लावलं.

"वहिनी आहे," तो म्हणाला. "इथून पंधरा मिनिटांवर. तुम्ही येता का माझ्याबरोबर? हे तुम्ही सांगायला पाहिजे. माझ्या तोंडून ती ऐकून घ्यायची नाही."

बाईंना नाही म्हणता आलं असतं. सुट्टी संपायला आली होती, वर काम होतं, आणि जे सांगायचं ते त्यांनी सांगून झालं होतं. पण त्या उठल्या. दोघं रस्त्याच्या कडेने निघाले, तो पुढे, बाई मागे. वाटेत तो फक्त एकदा बोलला. "वहिनीने मला वाढवलंय. आई लवकर गेली. शाळेचा डबा वहिनी द्यायची."

तिसऱ्या मजल्यावरचं घर. जिना अरुंद, भिंतीचा रंग खांदे घासून घासून उडालेला. तो दारापुढे उभा राहिला, पण बेल वाजवायला त्याचा हात पुढे होईना. बाईंनी वाजवली.

दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या वहिनींनी. हात ओले होते, पदराला पुसत होत्या. त्यांनी आधी बाईंकडे बघितलं, मग बाईंच्या मागे. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मी कस्टममधून आले," बाई म्हणाल्या. "तुमच्या यजमानांच्या मालाची तपासणी मी केली होती."

"माहीत आहे. मी आले होते तेव्हा तिथे, बाहेर बाकावर बसले होते. तुम्ही आतल्या दाराने निघून गेलात."

बाईंनी दारातच सांगितलं. या वेळी त्यांनी दगडाकडे बघितलं नाही, त्या माउलीच्या डोळ्यांत बघून सांगितलं. तुमचे यजमान खरं बोलत होते. पत्र खरं होतं. त्यांनी दुसरं फोडून बघा म्हणून विनवलं, मी ऐकलं नाही. माझ्या ताठ्यामुळे झालं. मला क्षमा मागायचाही हक्क नाही, पण मागते. त्यांनी प्रत पुढे केली. वहिनींनी ती हातात घेतली, हात ओले म्हणून कडेला धरली, आणि वाचली नाही.

"मला कागद कशाला हवाय?" त्या म्हणाल्या. "मला तेव्हाही माहीत होतं."

मागे धाकटा जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. "वहिनी," तो म्हणाला. "वहिनी, मी..."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी बाईंचा हात धरला. बाईंना वाटलं, आता ओढून जिन्यावर लोटतील, आणि तसं केलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण वहिनी दारातून बाजूला झाल्या.

"तुम्ही आत या, बाई. तुम्ही परक्या. तुम्ही आमच्या ह्यांना ओळखत नव्हतात, तुमच्या हातून चूक होऊ शकते. इतकं चढून आलात, पाणी तरी प्या."

बाई आत गेल्या. त्यांच्या पाठोपाठ धाकट्याने उंबरठ्याशी चप्पल काढायला पाय उचलला.

"भाऊजी, तुम्ही थांबा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही ह्यांना ओळखत होतात."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. आत खुर्चीवर बाई हातात पाण्याचा पेला घेऊन बसल्या. दारापलीकडून कोणी खाली उतरल्याचा आवाज आला नाही. वहिनी समोर उभ्या होत्या आणि पाणी संपायची वाट बघत होत्या.